संशोधन अणुभट्टीचा गाभा: ‘के’ १.१८ आलाय, आता पुढे काय?

ताम्हिणी_धुके

नमस्कार. एमएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष, पुण्यातच. प्रोजेक्टला ‘१० मेगावॉटच्या संशोधन अणुभट्टीचा गाभा’ हा विषय हौसेने घेतला आणि आता अडकायला झालंय. डिपार्टमेंटमध्ये या विषयातलं कुणी नाही. गाइड म्हणाले, सॉफ्टवेअर फुकट मिळतं ना, मग झालं. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत रिअ‍ॅक्टर फिजिक्सचं एक पुस्तक ऐंशी रुपयांत मिळालं, पण मधली चाळीसेक पानं गायब. नेमकी कंट्रोल रॉडवाली, म्हणजे न्यूट्रॉन शोषून भट्टी आवरणाऱ्या दांड्यांची.

आत्तापर्यंत जमलेलं असं: पाण्याच्या टाकीत बुडवलेला गाभा, म्हणजे पूल टाइप. इंधन प्लेटांचं, अ‍ॅल्युमिनियममध्ये युरेनियम सिलिसाइड, समृद्धी (युरेनियम-२३५ चं प्रमाण) १९.७५ टक्के. एका बंडलात २३ प्लेटा, प्लेटीच्या पोटात इंधनाचा थर साधारण अर्धा मिलिमीटर, दोन प्लेटांमध्ये २.२ मिलिमीटर पाणी. ही मापं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या १० मेगावॉटच्या नमुना-गणितातून उचलली आहेत. ३० बंडलं ५ बाय ६ अशी मांडली. त्यातल्या चारांत १७-१७ प्लेटाच ठेवून उरलेल्या जागेत हाफ्नियमचे कंट्रोल रॉड. भोवती सगळीकडे पाणी. ओपनएमसी या न्यूट्रॉनचा हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालवलं, सगळे रॉड बाहेर असताना के (एका पिढीतल्या एका न्यूट्रॉनमागे पुढच्या पिढीत किती, तो आकडा) आला १.१८.

के तर १ हवा ना? मग बंडलं कमी करायची का? पण ३० हा आकडा मी पॉवरवरून काढला होता, बंडलामागे ३३३ किलोवॉट धरून. बंडलं काढली तर १० मेगावॉट कुठून आणू? आणि सगळ्या पेपरांत गाभ्याभोवती बेरिलियम नाहीतर जड पाणी दिसतं. साधं पाणी स्वस्त आहे, ते का चालत नाही?

सबमिशनला सहा आठवडे आहेत.

पेठेतला_पोपट

१.१८ म्हणजे डिस्टिंक्शनच की! बाकी गच्चीवर बांधणार असाल तर आधी सोसायटीची एनओसी घ्या. पार्किंगमध्ये आमचे लोक स्कूटर लावू देत नाहीत, भट्टी कुठली.

निवृत्त_कर्वेनगर

चौतीस वर्षं या धंद्यात काढली. आता नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं एवढीच ड्यूटी आहे. कुठे होतो ते विचारू नका, विचारलंत तरी सांगणार नाही. तुमचा १.१८ बरोबर असेलही, पण तुम्ही सुरुवात शेपटाकडून केली आहे.

आधी पॉवर. बंडलामागे ३३३ किलोवॉट हा हिशेब डोक्यातून काढा. क्रिटिकल झालेला, म्हणजे के बरोबर १ असलेला गाभा एका वॉटवरही चालतो आणि दहा मेगावॉटवरही, के दोन्हीकडे एकच. तुर्भ्याला (ट्रॉम्बेला) १९६१ साली झर्लिना नावाची भट्टी सुरू झाली. तिची पॉवर जवळजवळ शून्य, कारण तिचं काम गाभ्याच्या मांडण्या तपासण्याचं. किती मेगावॉट घ्यायचे ते इंधन ठरवत नाही, पाणी ठरवतं. तुमच्याच मापांवरून बघा. सगळ्या मिळून ६६६ प्लेटा, एका प्लेटीचा इंधनवाला भाग ६.३ सेंटिमीटर रुंद, ६० सेंटिमीटर उंच, दोन बाजू. म्हणजे सुमारे ५० चौरस मीटर. दहा मेगावॉट त्यावर पसरले तर एका चौरस सेंटिमीटरला सरासरी २० वॉट. सगळ्यात तापणाऱ्या ठिकाणी याच्या तिप्पट धरा. घरातली हजार वॉटची इस्त्री पाच-सहाच्या आसपास असते. एवढी उष्णता २.२ मिलिमीटरच्या फटीतून वाहणाऱ्या पाण्याने उचलायची आहे, तीही पाणी प्लेटीवर न उकळता. त्या नमुना-गणितात प्रवाह ताशी १००० घनमीटर धरलाय. पुण्यातल्या माणसाला हा आकडा टँकरमध्ये सांगावा लागतो: दहा हजार लिटरचे शंभर टँकर, दर तासाला. एवढं पाणी फिरवलं की आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात नऊ अंशांचाही फरक पडत नाही. बंडलं ३० ची २४ केलीत तर चौरस सेंटिमीटरमागे २० चे २५ वॉट होतील. चालतं.

आता मूळ मुद्दा. वीज करणाऱ्या भट्टीत उष्णता हा माल. संशोधनाच्या भट्टीत माल म्हणजे न्यूट्रॉन, उष्णता ही नुसती कटकट. त्यामुळे आमच्याकडे गाभा इंधनापासून आखायला घेत नसत, भोकापासून घेत. न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवायचा पदार्थ, म्हणजे नमुना, जिथे ठेवायचा ते भोक. त्याची रुंदी किती, तिथे न्यूट्रॉन किती हवेत, मंद हवेत की वेगवान, नमुना किती दिवस राहणार. तुमच्या पोस्टमध्ये बंडलं आहेत, रॉड आहेत, भोक एकही नाही. मग ही भट्टी करते काय?

गेल्या वर्षी आमच्या सौ.चं हाडांचं स्कॅन झालं. त्यात टोचतात ते टेक्नेशियम सहा तासांत निम्मं होतं आणि ज्या मॉलिब्डेनम-९९ पासून ते निघतं ते ६६ तासांत निम्मं. साठवून ठेवायची सोय नाही. जगात कुठे ना कुठे एखादी भट्टी त्यासाठी सतत चालू लागते. मी हे तिथल्या मुलाला सांगायला लागलो तर सौ. म्हणाल्या, त्याला सुई तर नीट टोचू दे.

भोकातला फ्लक्स, म्हणजे दर सेकंदाला चौरस सेंटिमीटरमागे जाणारे न्यूट्रॉन, मेगावॉट वाढवून मिळतोच असं नाही. तुर्भ्याचीच ध्रुव भट्टी १०० मेगावॉटची, तिचा जास्तीत जास्त मंद फ्लक्स दर चौरस सेंटिमीटर दर सेकंद १.८ गुणिले १० चा १४वा घात. २०१८ च्या सप्टेंबरात क्रिटिकल झालेली नवी अप्सरा २ मेगावॉटची, तिचा ६.१ गुणिले १० चा १३वा. पॉवर पन्नासपट, फ्लक्स तिप्पट. ध्रुवमध्ये नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी, त्यामुळे गाभा ऐसपैस. नव्या अप्सरेत कमी समृद्धीचं सिलिसाइड, तुमच्यासारखंच, आणि भोवती बेरिलियम ऑक्साइड. गाभा आटोपशीर केला की थोडक्या पॉवरवर न्यूट्रॉन दाट मिळतात. (ध्रुवला नावं ठेवत नाहीये. ऐसपैस गाभ्यात नमुन्यांना जागाही ऐसपैस मिळते.)

बेरिलियमचं उत्तर यातच आहे. लहान गाभ्यातून पुष्कळ न्यूट्रॉन बाहेर निसटतात. पाण्यातला हायड्रोजन त्यांना झटक्यात मंद करतो, पण त्यातले काही गिळतोही. बेरिलियम जवळजवळ गिळत नाही. मंद करून काही परत आत पाठवतं, आणि बाकीच्यांची गाभ्याबाहेर दाटी होते, जिथे त्यांना खायला इंधनच नाही. ती दाटी म्हणजेच तुमच्या भोकाची जागा.

आणि के. ताजा, थंड, स्वच्छ गाभा बरोबर १ वर बसवलात तर भट्टी पहिल्याच दिवशी बंद पडेल. झेनॉन-१३५ साठेल, तो न्यूट्रॉनचा खादाड. त्याचा हप्ता तुमच्या फ्लक्सला ३५ मिली-के धरा. मिली-के म्हणजे हजारात किती. के वजा १ भागिले के, गुणिले हजार. तसाच खाणारा समेरियम, त्याचे ७. तापमानाचे ५. इंधन जळतं त्याचे, दोन फेरबदलांच्या मधल्या काळासाठी, २५. नमुन्यांसाठी १०. झाले ८२, म्हणजे के साधारण १.०९. हे आकडे ढोबळ आहेत, तुमचे तुम्ही काढा. तुमचा १.१८ म्हणजे १५२ मिली-के. खर्च ८२ चा आणि खिशात १५२.

जास्त असले तर बिघडलं कुठे, असं वाटेल. बिघडतं ते रॉडपाशी, आणि तोच आकडा तुम्ही दिलेला नाही. चारही रॉड आत घालून के किती? आणि त्यातला सगळ्यात जोरकस रॉड बाहेर अडकला आहे असं धरून, बाकीचे तीन आत, तेव्हा किती? १९६१ च्या ३ जानेवारीला अमेरिकेत आयडाहोमध्ये एसएल-१ नावाच्या छोट्या लष्करी भट्टीचा मधला रॉड देखभालीच्या वेळी हाताने वर ओढला गेला. दहाएक सेंटिमीटर उचलायचा तो पन्नासएक सेंटिमीटर आला. तिघे गेले. त्या गाभ्यात तो एकटा रॉड सगळा खेळ उलटवू शकत होता. हे दोन आकडे काढा, मग पुढचं बोलू.

बाणेर_मॉन्टेकार्लो

काकांनी वरचं सगळं सांगितलंच आहे, मी फक्त इनपुट फाइलचं बोलतो. पीएचडीची तीन वर्षं ओपनएमसीच्या चुका शोधण्यात गेली, तेवढाच माझा अधिकार.

पाण्याला थर्मल स्कॅटरिंगचा डेटा जोडलाय का? नुसते हायड्रोजन आणि ऑक्सिजन लिहिले तर प्रोग्राम हायड्रोजनला मोकळा अणू समजतो. खरा हायड्रोजन पाण्याच्या रेणूत बांधलेला असतो आणि मंद न्यूट्रॉनला ते कळतं. एका ओळीचं काम आहे, जवळजवळ सगळेच पहिल्यांदा विसरतात. दुसरं, सीमा कुठे आहे? बंडलांच्या कडेलाच न्यूट्रॉन परत फिरवणारी सीमा टाकली असेल तर तुम्ही अनंत पसरलेला गाभा मोजताय. भोवती चांगलं ३०-४० सेंटिमीटर पाणी ठेवा आणि त्याच्या बाहेर निर्वात. तिसरं, सुरुवातीचे बॅच (न्यूट्रॉनच्या पिढ्यांचे गट) पुरेसे टाकून द्या. मधोमध पाण्याचं भोक आलं की न्यूट्रॉनचा उगम स्थिरावायला वेळ लागतो. एंट्रॉपीचा (उगम किती पसरलाय ते दाखवणारा) आलेख सपाट झाल्याशिवाय मोजणी सुरू करू नका.

के लिहाल तेव्हा शेजारी अधिक-उणे पण लिहा. नुसता १.१८ बघून परीक्षक आधी तेच विचारतील.

ताम्हिणी_धुके

सगळ्यांचे आभार, पोपटरावांचेही.

थर्मल स्कॅटरिंग विसरलेच होते. :( सीमा बरोबर होती. जुन्या मांडणीत (डेटा जोडल्यावर १.१८ जवळपास तसाच राहिला) चारही रॉड आत घातल्यावर के ०.९७. मी खूश झाले. मग काकांनी सांगितल्याप्रमाणे एक रॉड बाहेर काढून चालवलं: १.०२. म्हणजे एक रॉड अडकला तर माझी भट्टी बंदच होत नाही. रात्री दोन वाजता हा आकडा बघून पोटात गोळा आला, कागदावरची भट्टी असूनसुद्धा.

मग भोकापासून सुरुवात केली. ठरवलं की मॉलिब्डेनमसाठी मधोमध एक जागा आणि बाहेर दोन बीम ट्यूब (न्यूट्रॉन प्रयोगापर्यंत नेणाऱ्या नळ्या). ५ बाय ५ ची मांडणी, मधलं घर रिकामं, २४ बंडलं. दोन बाजूंना बेरिलियम, दोन बाजूंना पाणी. रॉड सगळे बाहेर: १.१०. सगळे आत: ०.९०५. जोरकस एक बाहेर: ०.९५५. सगळ्यांना अधिक-उणे ०.०००४. मधल्या भोकातला फ्लक्स १.५ गुणिले १० चा १४वा घात. पाच कमी बंडलांत पॉवर तीच, हे अजूनही थोडं जादूसारखं वाटतंय.

झेनॉनबद्दल विचारायचं होतं. भट्टी चालू असताना ३५ मिली-के, ते समजलं. बंद केल्यावर तो कमी होईल ना?

निवृत्त_कर्वेनगर

पाच नव्हे, सहा. ३० वजा २४. परीक्षेत असं करू नकोस. (‘खूश झाले’ वाचून अहो-जाहो सोडलं, नात तुझ्याहून थोडीशीच लहान आहे.)

आकडे छान आलेत. ०.९५५ म्हणजे अडकलेला रॉड धरूनही ४७ मिली-के खाली. आता मी रात्री झोपू शकेन आणि तूही झोप.

झेनॉन बंद केल्यावर आधी वाढतो. तो थेट कमी जन्मतो, बहुतेक आयोडिन-१३५ मधून येतो. आयोडिन ६.६ तासांत निम्मं होतं, झेनॉन ९.१ तासांत. भट्टी चालू असते तेव्हा झेनॉनला न्यूट्रॉन खाऊन संपवतात. बंद केलीस की खाणारे गेले, आयोडिनमधून आवक मात्र चालूच. काही तास साठा चढत जातो आणि मग उतरायला लागतो. शिल्लक पुरेशी नसेल तर सगळे रॉड बाहेर ओढूनही के १ ला पोचत नाही. आपल्याकडे गुरुवारी पाणी बंद असतं, शुक्रवारी सकाळी येतं ते कमी दाबाने येतं, तसा प्रकार. किरकोळ कारणाने भट्टी ट्रिप झाली आणि अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा उठवली नाही तर पुढचा एखादा दिवस हात चोळत बसायचं. त्यासाठी ३५ च्या वर आणखी शिल्लक ठेवायची की दिवस वाया जाऊ द्यायचा, हा तुझा निर्णय. मी वाया जाऊ देईन. शिल्लक वाढवली की रॉडांवरचं ओझं वाढतं. पण मॉलिब्डेनमवाले माझ्याशी भांडतील आणि त्यांचंही चुकीचं नाही.

आता बीम ट्यूब. दोन्हीचं तोंड गाभ्याकडे रोखलं असशील तर वळव. ट्यूब गाभ्याला चाटून, बाजूने जाऊ दे. सरळ रोखलीस तर वेगवान न्यूट्रॉन आणि गॅमा थेट प्रयोग करणाऱ्याच्या अंगावर येतात. बाजूने नेलीस तर बेरिलियममध्ये मंद झालेलेच जास्त बाहेर पडतात.

आणि एक माझं. नोकरीला लागून दुसरं की तिसरं वर्ष असेल. अशाच एका भट्टीचं गणित माझ्याकडे होतं. तेव्हा कार्ड पंच करून द्यायची, उत्तर दुसऱ्या दिवशी. सगळं चोख करून साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी पानं उलटली, चहा संपवला आणि विचारलं, “ट्यूबमध्ये पाणी शिरलं तर?” मी ट्यूबमध्ये हवा धरली होती, कारण ट्यूबमध्ये हवाच असते. वेल्ड गळला तर टाकीतलं पाणी आत येणार हे डोक्यातच आलं नव्हतं. हवेतून न्यूट्रॉन सरळ पळून जातात, पाणी आलं की काही परत फिरतात, के वर सरकतो. पुन्हा कार्डं, पुन्हा एक दिवस. आकडा लहानच निघाला, पण साहेबांनी तो माझ्याकडून तीनदा करून घेतला.

तुलाही तो काढायचाय. तुलना कशाशी करायची तेही सांगतो. युरेनियम-२३५ च्या विखंडनात पाऊण टक्काही न्यूट्रॉन उशिरा येत नाहीत, ०.६५ टक्के येतात, म्हणजे ६.५ मिली-के. भट्टी माणसाच्या आणि यंत्राच्या हातात राहते ती या उशिरा येणाऱ्यांमुळे. एका झटक्यात ६.५ च्या वर काही घुसलं तर भट्टी त्यांची वाट बघत थांबत नाही, आणि मग रॉड पडायचा वेग तोकडा पडतो. म्हणून ट्यूबमधलं पाणी असो, एखादा नमुना चटकन काढणं असो, कुठलीही एक घटना ६.५ च्या पुष्कळ खाली राहिली पाहिजे.

प्लेटा बंडलात कशा धरल्या आहेत ते रिपोर्टमध्ये लिही. सिडनीची ओपल भट्टी, २० मेगावॉट, १६ बंडलं, आखणी उत्तम. २००७ च्या जुलैत काही प्लेटा बंडलातून सरकलेल्या दिसल्या आणि भट्टी २००८ च्या मेपर्यंत बंद होती. न्यूट्रॉनचं गणित ठीकच होतं. पाण्याच्या रेट्यात पातळ प्लेट धरून ठेवणं हे मेकॅनिकलवाल्यांचं काम, आणि आपण फिजिक्सवाले त्यांच्याकडे जायला लाजतो.

पंप बंद पडल्यावरचंही एक पान हवं. १० मेगावॉटची भट्टी बंद केल्याच्या क्षणी सहा-साडेसहा टक्के उष्णता उरते, म्हणजे ६००-६५० किलोवॉट. पंप पाणी वरून खाली ओढत असेल तर तो थांबल्यावर गरम पाण्याला वर जायचं असतं, म्हणजे प्रवाह मध्येच उलटा फिरतो. त्यासाठी गाभ्याखाली एक झडप असते. पंपाचा दाब गेला की आपल्या वजनाने उघडते, वीज लागत नाही, माणूस लागत नाही. मला सबंध भट्टीत ती झडप सगळ्यात आवडायची.

पेठेतला_पोपट

काका, ही झडप आमच्या सोसायटीच्या टाकीला बसते का?

ताम्हिणी_धुके

सहा. हो. बेरीज-वजाबाकी कॅल्क्युलेटरवर करत जाईन.

ट्यूब वळवल्या. मधल्या भोकातल्या फ्लक्सला काही फरक नाही. एका ट्यूबमध्ये पाणी भरून चालवलं: १.१०० चा १.१०३ झाला, म्हणजे साधारण २.५ मिली-के. ६.५ च्या निम्म्याहून कमी. अधिक-उणे धरूनसुद्धा. मेकॅनिकलच्या एका मैत्रिणीला प्लेटांसाठी पकडलंय, तिने बदल्यात मिसळ मागितली आहे.

निवृत्त_कर्वेनगर

अडीच ठीक आहे. दोन्ही ट्यूबा एकदम भरून बघितल्यास का?

ताम्हिणी_धुके

नाही. लावते.